ब्राउझरची नाइटली आवृत्ती कामाच्या एकमेव लॅपटॉपवर ठेवावी का?

सुरंगी, देवगड

नमस्कार. देवगड आणि मालवण तालुक्यांतील आंबा बागायतदार व न्याहारी-निवास चालवणारी काही कुटुंबे यांच्यासाठी मी लहान संकेतस्थळे तयार करते आणि सांभाळते. पानावर मराठी मजकूर, पेटीचे दर आणि मागणी नोंदवण्याचा अर्ज एवढेच असते. परंतु मार्च ते मे या काळात त्या अर्जावर घराचे बरेच काही अवलंबून असते. यंदा ऐन हंगामात एका ब्राउझरची नवी आवृत्ती ग्राहकांच्या फोनवर आली आणि एका बागायतदाराच्या पानावर, पत्ता लिहिण्यासाठी कीबोर्ड उघडला की ‘मागणी नोंदवा’ हे बटण त्याच्याखाली झाकले जाऊ लागले. दुरुस्ती होईपर्यंत फोनवरून मागण्या घ्याव्या लागल्या.

असा बदल ग्राहकांपर्यंत पोहोचण्याआधी आपल्याला दिसावा, म्हणून पावसाळ्यात काम कमी असताना फायरफॉक्स नाइटली आणि क्रोम कॅनरी, म्हणजे या ब्राउझरच्या जवळजवळ रोज बदलणाऱ्या चाचणी आवृत्त्या, वापरून पाहण्याचा विचार आहे. अडचण अशी की लॅपटॉप एकच आहे, वीज वारंवार जाते आणि इंटरनेट मोबाइलच्या डेटावर चालते. शिवाय एका चाचणी आवृत्तीत ‘किनाऱ्यावरील घर’ हे शीर्षक नीट दिसत नाही. ‘ऱ्या’ फुटून ‘र’ला हलन्त लागलेला दिसतो. हा बग कळवण्याजोगा आहे का, आणि कळवायचा तर कसा?

खाडीपलीकडे, रत्नागिरी

ठेवावी, असे माझे मत आहे. मात्र ती वेगळी राहील याची खात्री करूनच. फायरफॉक्सची ६७वी आवृत्ती २०१९ मध्ये आली तेव्हापासून प्रत्येक इन्स्टॉलेशन आपले स्वतंत्र प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड आणि सेटिंग्ज ठेवण्याची जागा, तयार करते, त्यामुळे नाइटली शेजारी बसवली तरी तुमच्या नेहमीच्या फायरफॉक्समधील बुकमार्क आणि पासवर्ड यांना धक्का लागत नाही. नव्या आवृत्तीने एकदा उघडलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत परत उघडणे धोक्याचे असते, कारण आतील डेटाबेसची रचना बदललेली असू शकते; म्हणून कामाचे प्रोफाइल नाइटलीत मुद्दाम उघडण्याचा मोह टाळावा. चाचणीच्या प्रोफाइलमध्ये सिंकसाठी (सगळीकडची माहिती एकसारखी ठेवणाऱ्या सोयीसाठी) लॉगिनही करू नये. तेथे बुकमार्कांचा घोळ झाला तर तो सिंकमधून कामाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचू शकतो. कॅनरीही विंडोजवर नेहमीच्या क्रोमच्या शेजारी स्वतंत्रपणे बसते.

डेटाचा प्रश्न मात्र खरा आहे. नाइटलीच्या सहसा दिवसातून दोन आवृत्त्या निघतात, आणि बरेच दिवस ती उघडली नाही तर छोट्या अपडेटऐवजी पूर्ण आवृत्तीच उतरवावी लागते. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट शोधावे, पण विचारून बसवावे’ अशा अर्थाचा पर्याय आहे. तो निवडून आठवड्यातून एखाद्या दिवशी, चांगली रेंज असेल तेथे बसून अपडेट करावे. तुमच्या कामाला तेवढे पुरेल, कारण नाइटलीतील बदल आधी बीटामध्ये, म्हणजे प्रकाशनापूर्वीच्या चाचणी आवृत्तीत, जातो आणि तेथे साधारण चार आठवडे राहून मगच सर्वांना मिळतो.

कीबोर्डखाली बटण झाकले जाण्याबद्दल एक सांगावेसे वाटते. क्रोमच्या १०८व्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ च्या अखेरीस, अँड्रॉइडवर असाच एक बदल मुद्दाम करण्यात आला होता: कीबोर्ड उघडल्यावर पानाची मांडणी पुन्हा आखली जाण्याऐवजी फक्त दिसणारा भाग लहान होऊ लागला. तो आधी जाहीर झालेला होता आणि ज्यांना जुने वर्तन हवे होते त्यांच्यासाठी व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये (पान पडद्यावर कसे मांडायचे हे सांगणाऱ्या कोडच्या ओळीत) ‘इंटरॅक्टिव्ह-विजेट’ ही नोंद उपलब्ध करून दिली होती. तुमच्या बाबतीत कारण वेगळे असू शकेल, परंतु प्रत्येक बिघाड हा बग नसतो. म्हणून चाचणी आवृत्तीबरोबर तिची प्रकाशन-टिपणेही वाचत जा, आणि लॅपटॉपइतकेच महत्त्व फोनवरील नाइटली किंवा कॅनरीला द्या. तुमचे ग्राहक फोनवरच आहेत.

कातळ, वेंगुर्ले

‘ऱ्या’विषयी मी लिहितो, कारण देवनागरीतील अशा चुका आपण कळवल्या नाहीत तर दुसरे कोण कळवणार, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. हिंदीत हे रफाराचे रूप येत नाही, त्यामुळे हिंदी पाने तपासणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही.

आधी तुमच्या शीर्षकात नेमकी कोणती अक्षरे आहेत ते पाहा. हे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘य’, किंवा साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा जोडक आणि ‘य’. दोन्ही दिसायला सारखी असली तरी संगणकासाठी वेगळी आहेत. मजकूर व्हॉट्सॲपवरून किंवा जुन्या फाइलमधून चिकटवला असेल तर त्यात आणखीच काहीतरी शिरलेले असू शकते. त्यानंतर केवळ एक शब्द असलेले कोरे पान तयार करा आणि तेच पान, त्याच फाँटसह, नेहमीच्या फायरफॉक्समध्ये, नाइटलीत आणि क्रोममध्ये उघडा. अक्षरजुळणीसाठी फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही हार्फबझ ही एकच लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतात; म्हणून तिन्हीकडे अक्षर फुटत असेल तर बहुधा दोष फाँटचा किंवा मजकुराचा आहे. फक्त चाचणी आवृत्तीत फुटत असेल तर तो नव्याने शिरलेला दोष आहे आणि तो नक्की कळवावा.

पानाला मराठी भाषेची खूण, म्हणजे पानाच्या कोडमधील ‘लँग’मध्ये ‘एमआर’, दिलेली आहे ना, हेही पाहा. फाँटमध्ये सोय असेल तर त्या खुणेमुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, आणि खूण असताना व नसताना असे दोन्ही निकाल लिहिले तर बग पाहणाऱ्याचे काम पुष्कळ सोपे होते.

सुरंगी, देवगड

दोघांचेही मनापासून आभार. एकाच शब्दाचे पान करून पाहिले. नेहमीच्या आवृत्तीत ‘ऱ्या’ बरोबर दिसतो, क्रोममध्येही दिसतो, फुटतो तो चाचणी आवृत्तीतच. फाँट लॅपटॉपवरचाच निर्मला यूआय आहे. आता हे कळवताना काय काय द्यावे?

खाडीपलीकडे, रत्नागिरी

मग बग लिहाच. आवृत्तीचा क्रमांक आणि बिल्डची (त्या दिवशी तयार झालेल्या ब्राउझरच्या प्रतीची) तारीख, विंडोजची आवृत्ती, ते एका शब्दाचे पान, अपेक्षित रूप आणि प्रत्यक्ष दिसणारे रूप यांची दोन चित्रे, एवढे हवेच. फायरफॉक्स असेल तर बगझिलावर, म्हणजे फायरफॉक्सचे बग नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, नोंद करा. ‘अबाउट:सपोर्ट’ या पानावरील माहिती तेथे जोडता येते. बगझिलावरील नोंदी सर्वांना दिसतात, म्हणून ग्राहकाचे नाव, फोन नंबर किंवा पत्ता चित्रात येणार नाही याची काळजी घ्या. मागणीच्या अर्जाचे चित्र तर देऊच नका, चाचणीचे पान द्या.

यापुढे जायची तयारी असेल तर मोझरिग्रेशन हे साधन वापरा. अमुक तारखेला ठीक होते आणि अमुक तारखेला बिघडलेले होते असे सांगितले की ते मधल्या काळातील बिल्ड एकेक उघडून देते आणि प्रत्येक वेळी अंतर निम्मे करत जाते. तीन महिन्यांच्या अंतरातून नेमका दिवस गाठायला साधारण सात बिल्ड पुरतात. प्रत्येक बिल्ड पूर्ण उतरवावे लागते, त्यामुळे मोबाइलच्या डेटावर हे जड जाईल. ‘पर्सिस्ट’ हा पर्याय देऊन उतरवलेली बिल्ड एका फोल्डरमध्ये ठेवली तर वीज गेल्यावर तीच पुन्हा उतरवावी लागत नाहीत. नेमका दिवस कळलेला बग विकासकाच्या हाती पडला की त्याला त्या दिवशीचे मोजकेच बदल तपासावे लागतात.

माडाची वाट, गुहागर

एक मतभेद नोंदवतो. पावसाळ्यात नाइटली ठीक आहे, पण फेब्रुवारीपासून पुढे तुम्ही बीटावर यावे असे मला वाटते. हंगामात तुम्हाला बग शोधायचे नसतात, तर येत्या काही आठवड्यांत ग्राहकांच्या हातात काय पडणार आहे एवढेच पाहायचे असते, आणि ते बीटामध्ये अधिक खात्रीने दिसते. नाइटलीतील काही प्रयोग पुढे जातच नाहीत, त्यांच्यासाठी पान बदलण्यात वेळ जातो. बीटामध्ये दर नव्या आवृत्तीनंतर फोनवर एक मागणी शेवटपर्यंत भरून पाहावी: पिन कोड, पेटीचा आकार, कीबोर्ड उघडा असताना बटण, आणि नोंद झाल्याचा मराठी संदेश.