यूव्ही-व्हिजिबलवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) २२० नॅनोमीटरला आलेख वाकतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला, एम.एस्सी. दुसरं वर्ष. आमच्याकडच्या केळीपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी नायट्रेटसाठी तपासतोय. ठिबकमधून युरिया जातोच, त्यामुळे ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरची मर्यादा कुठे ओलांडली जाते ते बघायचंय.

पद्धत नेहमीचीच: ५० मिली गाळलेलं पाणी, त्यात १ मिली १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, २२० नॅनोमीटरला रीडिंग, त्यातून २७५ च्या रीडिंगची दुप्पट वजा (पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचा वाटा काढायला). स्टँडर्ड (ठरलेल्या प्रमाणाची द्रावणं) १ ते ७ मिलिग्रॅम प्रति लिटर, नायट्रोजन म्हणून.

३ पर्यंत रेष फूटपट्टीने आखल्यासारखी, ॲब्झॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचं माप) ०.७ च्या आसपास. पुढे वाकते. ७ ला १.७ यायला हवा, येतो १.४. पोटॅशियम नायट्रेट वाळवून तीनदा नव्याने स्टँडर्ड केले, फरक शून्य. क्युवेट (द्रावण भरायची छोटी कुपी) क्वार्ट्झचीच आहे (पहिले दोन दिवस काचेची लावून बसलो होतो, ब्लँकलाच (नायट्रेट नसलेल्या पाण्यालाच) रीडिंग आभाळात. हसा.) परमँगनेट ५२५ ला मात्र १.८ पर्यंत सरळ जातं. सर म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये वक्र बसव आणि पुढे चल. मला ते पटत नाही. दिवा बदलायचा का?

उत्तर १
भाऊ, वक्र बसवू नकोस. ५२५ ला टंगस्टन दिवा असतो, २२० ला ड्युटेरियम. तो म्हातारा झाला की २२० चा उजेड कमी पडतो, आणि इतर तरंगलांबीचा उजेड त्या मानाने जास्त डिटेक्टरवर पोचतो. हाच स्ट्रे लाइट. द्रावण कितीही दाट केलं तरी तो अडत नाही, म्हणून वरचे आकडे दबतात. खात्री करायची तर सोडियम आयोडाइडचं १० ग्रॅम प्रति लिटर द्रावण २२० ला लाव. त्यातून काहीच पार व्हायला नको. जेवढे टक्के ट्रान्समिटन्स (पार झालेला उजेड) दिसेल तेवढा स्ट्रे लाइट.

उत्तर २
२७५ ची दुप्पट २२० च्या दहा टक्क्यांवर गेली तर ते सॅम्पल या पद्धतीने करूच नका. उघड्या विहिरीत पालापाचोळा कुजलेला असतो, तिथे हमखास जाते.

धागाकर्ता
आयोडाइड लावलं. २.१ टक्के! नवीन दिव्याची मागणी लिहून दिली, मंजूर कधी होईल देव जाणे. तोवर स्टँडर्ड ३ पर्यंतच ठेवतो आणि सगळी सॅम्पलं १० पट पातळ करतो. नायट्रेट ४५ म्हणजे त्यातला नायट्रोजन १० च्या आसपास, पातळ केल्यावर १, म्हणजे सरळ भागातच पडतं. दोन विहिरी २७५ वर नापास झाल्या. दोन्हींवर भलीमोठी चिंच आहे.