मुकुट, पडदा आणि शर्यतीची गाडी: याला खेळातली कारकीर्द म्हणायचे का?

गोदाकाठ:
मिस इंडिया, मग अभिनय आणि शेवटी थेट फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या शर्यती, असा गुल पनाग यांचा प्रवास मुलींसाठी खेळातला सर्वांत मोठा आदर्श आहे, असे काल इथे एकाने लिहिले. ते वाचून गप्प बसवले नाही. १९९९ चा मुकुट त्यांनी मिळवला, २००६ च्या 'डोर'मधले त्यांचे काम मलाही फार आवडले. परंतु २०१७ मध्ये स्पेनमध्ये त्यांनी महिंद्राची एम-४ इलेक्ट्रो ही शर्यतीची गाडी चालवली ती सरावाची फेरी होती. त्या हंगामाच्या शर्यतींत महिंद्राकडून उतरले ते निक हाइडफेल्ड आणि फेलिक्स रोझेनक्विस्ट. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकले. आदर्श शोधायला नाशिककराने स्पेनपर्यंत कशाला जावे?

सातपूरकर:
ती गाडी चालवणारी पहिली भारतीय महिला गुल पनाग आहेत, हे तुम्ही सोयीने गाळलेत. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एकवीस वर्षे गाड्यांचे सुटे भाग बनवले. आयटीआयमधून आलेल्या दोन मुलींनी हेल्मेट घातलेल्या त्यांचा फोटो लॉकरच्या दाराला आतून चिकटवला होता. त्यातली एक आज चाचणी विभागात गाडी चालवते. पदकांच्या यादीने हे काम केले नसते.

धावणारीची आई:
फोटोचे कौतुक मला सांगू नका. गेल्या जानेवारीत इथल्या एका धावण्याच्या स्पर्धेला पाहुणी म्हणून एक अभिनेत्री येणार होती. मुले पहाटे साडेपाचपासून मैदानावर उभी होती, वॉर्म-अप झाला होता, आणि बाई येईपर्यंत सव्वा तास गेला. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचे अंग पार गार पडले, पोटरीत गोळा आला आणि चौथ्या किलोमीटरला ती बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या फोटोत एकही धावपटू नव्हता.

सातपूरकर:
मुलीबद्दल वाईट वाटले. पण उशिराचा दोष आयोजकांचा. त्याचा राग स्वतः लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्या गुल पनाग यांच्यावर का काढता? शिवाय त्या पाहुणीच्या नावावरच प्रायोजक मिळाले असतील, त्यांच्याच पैशांतून मुलांचे टी-शर्ट आणि पाणी आले असेल.

धावणारीची आई:
टी-शर्ट? माझ्या मुलीला स्पाइक्स, म्हणजे धावायचे खिळ्यांचे बूट, हवे होते, ते मी भिशीच्या पैशांतून घेतले! ज्या मैदानावर ती धावते तिथे प्रदर्शनाचा मांडव उठल्यावर खिळे तसेच मातीत राहतात. आम्ही तीन पालकांनी एका सकाळी ओंजळभर वेचले. एकाही प्रायोजकाला ते दिसले नाहीत.

गोदाकाठ:
माझे म्हणणे नेमके हेच आहे. २००४ मध्ये आपल्या नाशिकची सायली भगत मिस इंडिया वर्ल्ड झाली, तेव्हा मीही आनंदाने पेढे वाटले होते. त्या यशाचा मला आजही अभिमान आहे. पण ज्या क्षेत्रातले श्रेय, ते त्याच क्षेत्रात मोजावे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला जाईपर्यंत इथल्या किती जणांना रोइंग (वल्ही मारत नाव पळवण्याची शर्यत) हा शब्द माहीत होता?

सातपूरकर:
मलाही माहीत नव्हता, हे कबूल करतो. आणि सरावाच्या फेरीला कारकीर्द म्हणणे चुकीचे, हेही मान्य. मात्र ताशी २२५ किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या गाडीत चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतः बसणे हे फीत कापण्यापेक्षा फार वेगळे आहे, एवढे तुम्हीही मान्य करा.

गोदाकाठ:
वेगळे आहे. धाडस आहे, असेही म्हणतो. आदर्श कोणाचा घ्यायचा, यावर मात्र माझे मत बदललेले नाही.

धावणारीची आई:
तुम्हा दोघांपैकी कोणी रविवारी सकाळी सहाला मैदानावर येणार असेल, तर सोबत लोहचुंबक आणा. दक्षिणेकडच्या वळणावर अजून खिळे आहेत.