ऋतू तुमच्या घरात कुठून येतो? अनुभव लिहा

आमच्या घरात तो दक्षिणेच्या खिडकीतून येतो. उन्हाळ्यात दुपारचं ऊन कठड्यापाशीच थांबतं. थंडी पडू लागली की रोज थोडं थोडं आत सरकतं आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला कपाटाच्या पायाला जाऊन टेकतं. बाबांना अर्धांगवायू झाला त्या वर्षी त्यांची कॉट उन्हामागे सरकवत नेणं हे माझं आणि मुलाचं रोजचं काम होतं. मुलगा तेव्हा सहावीत. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो म्हणून ऊन खोलवर येतं, हे तो नुकताच शिकला होता. दर रविवारी दुपारी बाराला तो उन्हाच्या कडेवर खडूने रेघ मारायचा, शेजारी तारीख लिहायचा. नोव्हेंबरातल्या रेघा चांगल्या चार-पाच बोटं अंतरावर. डिसेंबरातल्या मात्र एकमेकींना चिकटायला लागल्या. आपलंच मोजमाप चुकलं असं वाटून तो हिरमुसला. बाबांनी आयुष्यभर ट्रक चालवला होता. अडखळत म्हणाले, "अरे, वळण आलं. वळणावर गाडी हळू होते."

त्या आजारपणात एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलले. तेव्हापासून मला इतरांच्या घरांबद्दल विचारावंसं वाटतं. काही विशेष घडलेलं नको, रोजचंच लिहा.

* * *

आमच्याकडे ट्रंकेतून. गरम कपडे निघाले की पहिल्यांदा बाह्या मापायच्या. आजी आखूड झालेल्या बाहीची कड उसवायची, टाके सुईवर घ्यायची आणि पुढे दोन-तीन बोटं विणायची. तीच लोकर पुन्हा मिळायची नाही, त्यामुळे जोड वेगळ्या रंगाची. दादाचा तो निळा स्वेटर मग ताईकडे, ताईकडून माझ्याकडे आला. निळ्यानंतर राखाडी, राखाडीनंतर तांबडा पट्टा. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची कडी दिसतात ना, तसं. तांबडा पट्टा माझा. माझी मुलगी आता तो घालते आणि बाही अजून लांब आहे म्हणून तक्रार करते. मी ती दुमडून देते, कापत नाही.

* * *

माझी पाळी पहाटेची, घरी यायला संध्याकाळ होते. हिवाळ्यात जाताना अंधार, येताना अंधार. दिवस मोठा व्हायला लागला की एके दिवशी लेक अंगणात उभी दिसते. चेहरा दिसण्याइतका उजेड असतो. बस, एवढंच.

* * *

वरचं सगळं वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्या घरात ऋतू आई आणायची. रजया उन्हात टाकणं, झटकणं, डांबरगोळ्या घालून घड्या करणं, पाऊस यायच्या आत छत्र्यांच्या काड्या तपासणं, पंख्याची पाती पुसणं. आम्ही चौघं नुसतं "हवा बदलली" म्हणायचो. ती गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत रात्री उठून मी कपाट उघडलं, तर रजया तळाशी होत्या आणि त्यांना कुबट वास येत होता. वर्षभर कोणी त्यांना ऊन दाखवलं नव्हतं. त्या रात्री भाऊ आणि मी एकाच चादरीत दोन वाजेपर्यंत बोलत बसलो. आता यादी भिंतीवर आहे. भाऊ रजया बघतो, मी छत्र्या, वडील पंखे. वडिलांचं वय अठ्ठ्याहत्तर, स्टुलावर चढायला त्यांना आम्ही मनाई केली आहे. ते खाली उभे राहून सांगतात, पुसतो मी. ऋतूंमधला आनंद खरा आहेच, पण तो कोणाच्या तरी हातांनी घरात येतो. ते हात कोणाचे, हेही इथे सगळ्यांनी लिहावं असं मला वाटतं.

* * *

खरं आहे तुमचं. आमच्याकडे ते हात आजोबांचे होते. आता त्यांना आमची नावं आठवत नाहीत. पहिल्या पावसाच्या वासाने मात्र ते खुर्चीत सरळ बसतात आणि "कपडे काढा, कपडे काढा!" म्हणून ओरडतात. तो वास मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या द्रव्याचाही असतो, त्याला 'पेट्रीकोर' हे नाव १९६४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दिलं, वगैरे नात त्यांना समजावते. ते ऐकत नाहीत. दोरीवर काही नसलं तरी आम्ही सगळे धावतो. गेल्या वर्षी कोरडे टॉवेल मुद्दाम टाकून ठेवले होते, म्हणजे आणून त्यांच्या मांडीवर ठेवता येतील. त्यांनी सगळ्यांच्या घड्या घातल्या, कडेला कड जुळवून.

* * *

कोणीतरी विचारलंय, रेघा अजून आहेत का. खडूच्या होत्या, पुसल्या गेल्या. बाबा त्याच मार्चमध्ये गेले, तोवर ऊन बरंच मागे गेलं होतं. कॉट देऊन टाकली. मुलगा पुढे दर डिसेंबरात एक तरी रेघ मारायचाच. गेल्या वर्षी तो शिकायला बाहेर होता, म्हणून मी मारली आणि फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "घड्याळातले बारा धरलेस की सूर्य खरोखर सगळ्यात वर येतो तेव्हाचे?" घड्याळातले धरले होते. पुढच्या रविवारी त्याला फोन लावला, तो वेळ सांगत गेला आणि मी खडू घेऊन जमिनीवर बसले.