वयानुसार हाताचा कंप आणि जाणारा तोल: वयाचे किती, आजाराचे किती?

प्रश्न (दादर):
माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांनी चाळीस वर्षे दादरला घड्याळदुरुस्ती केली. डोळ्याला भिंग लावून आणि मनगट टेबलाच्या कडेला टेकवून ते आजही केसासारखी स्प्रिंग चिमट्याने बसवतात, पण एका दमात होणाऱ्या कामाला आता तीन-चार प्रयत्न लागतात. कपबशी हातात घेतली की कप किणकिणतो. हात मांडीवर ठेवून बसले की मात्र कंप अजिबात दिसत नाही. बेस्टच्या बसमधून उतरताना शेवटच्या पायरीवर ते थबकतात. हे वयाचे समजावे काय, आणि सरावाने फरक पडतो काय?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, परळ):
मज्जारज्जूतील एकेक चेतापेशी स्नायूच्या अनेक तंतूंना हुकूम देते. साठीनंतर या पेशी घटत जातात आणि पोरके झालेले काही तंतू शेजारची पेशी आपल्या पदरात घेते, त्यामुळे एकेका पेशीच्या ताब्यातला गट मोठा होतो. वाण्याकडची छोटी वजने हरवून मोठीच उरावीत, तसे हे आहे: ताकद बरीचशी राहते, पण चिमटीचा दाब हलकेच वाढवणे अवघड होते. झटकन आकुंचन पावणारे तंतू वयानुसार अधिक बारीक होतात आणि घसरलेला पाय सावरायला नेमके तेच लागतात. त्यात तोल सांभाळायला मदत करणारी नजर, आतला कान आणि तळपायाची संवेदनाही मंदावते. मधुमेहाने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही तळपाय बधिर होतात, म्हणून ते दोन्ही अवश्य तपासून घ्यावे.

पार्किन्सन या मेंदूच्या आजाराचा कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो, त्यामुळे आपले वर्णन वेगळ्या दिशेला बोट दाखवते. तरीही अक्षर बारीक होणे किंवा चालताना एक हात न हलणे दिसले, तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच दाखवावे. दम्याच्या पंपातील सालब्युटॅमॉलने आणि थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक वाढल्यानेही हात कापतात.

सरावाबद्दल मला खात्रीने सांगावेसे वाटते. बोस्टनमधील १९९० च्या प्रयोगात ८६ ते ९६ वर्षांच्या १० अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला आणि त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. बाबांना हातांचा आधार न घेता खुर्चीतून सावकाश उठण्या-बसण्याचा, आणि ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव द्या. सुरुवातीला शेजारी कोणीतरी असावे.

उत्तर २ (मुलुंड):
माझ्या आईच्या हातून उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या फाटू लागल्या, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी "वय झाले" म्हणून दोन वर्षे एकही तपासणी केली नाही. पुढे थायरॉइड वाढल्याचे कळले आणि औषधाने कंप गेला. ती दोन वर्षे तिने आपला हात गेला असे समजून स्वयंपाकच सोडला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्नकर्ता:
वडील गेले वर्षभर सकाळी दम्याचा पंप घेतात आणि कपाची किणकिण सकाळच्या चहालाच जास्त असते, हे आपले उत्तर वाचेपर्यंत आमच्या ध्यानातच आले नव्हते. पंप थांबवून पाहावा काय?

उत्तर १:
कृपया स्वतःहून थांबवू नका. श्वास हाताच्या स्थैर्याहून महत्त्वाचा आहे. पंप कधी घेतला आणि कंप कधी दिसला, हे आठवडाभर वहीत टिपून ती वही डॉक्टरांना दाखवा.