'एवढंसं तर काम आहे' : गाडीचे वायपर आणि बल्ब बदलतानाच्या फजित्या

टिंब

काल संध्याकाळी दोरीवरचे वाळलेले कपडे गोळा करत होते. खाली कुणीतरी गाडीचे वायपर बदलत होतं. तेवढ्यात 'टक्‌' असा आवाज आला आणि हातातला टॉवेल हातातच राहिला. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. ब्लेड काढलेला वायपरचा दांडा काचेवर आपटला की असा वाजतो.

माझ्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. सासरे, म्हणजे आमचे दादा, गाडीची बारीकसारीक कामं स्वतःच करायचे. त्या दिवशी मी पुढे झाले, "दादा, मी करते, एवढंसं तर काम आहे." दांडा उभा केला, क्लिप दाबली, जुनं ब्लेड आकड्यातून खाली सरकवून काढलं. इथवर झकास. मग नव्या ब्लेडच्या खोक्यावरचं चित्र बघायला वळले आणि कोपर लागलं. त्या दांड्याच्या बुडाशी स्प्रिंग असते, तिचा जोर तोवर मला ठाऊकच नव्हता. काचेवर टिकलीएवढी चांदणी उमटली.

दादा एक शब्द बोलले नाहीत. घरात गेले, स्केचपेन घेऊन आले, आतल्या बाजूने तड्याच्या टोकाशी बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. मग दर चार-पाच दिवसांनी नवी रेघ, नवी तारीख. मी शेजारी बसून मुकाट बघायची. एकदा भर उन्हात उभी असलेली गाडी घेतली आणि बसल्या बसल्या एसी पूर्ण सोडला. तडा माझ्या डोळ्यांदेखत सर्रकन आरशापर्यंत गेला. त्या रेघेपुढे दादांनी तारीख नाही घातली. नुसतं 'एसी' लिहिलं.

तेव्हापासून आधी काचेवर घडी घातलेला टॉवेल, मगच ब्लेडला हात. तुमचं काय? बल्बचे किस्सेही चालतील. फुशारक्या नकोत, फजित्या सांगा.

पाना-पक्कड

टॉवेलला अनुमोदन. मी तर ब्लेड काढलं रे काढलं की दांड्याला जुना लोकरी मोजा घालतो. बायको म्हणते, गाडीला थंडी वाजते का?

नुसतीच वाचक

स्केचपेन!!! दादा ग्रेट आहेत. काच कधी बदलली मग?

टिंब

पुढच्याच महिन्यात. जुनी काच उतरवणाऱ्याने विचारलं, ह्या तारखा कसल्या हो? दादा म्हणाले, "बाळाची उंची मोजत होतो."

गारवा

माझी फजिती वायपरचीच. नवीन ब्लेडं स्वतः लावली, फार अभिमान. पहिल्याच पावसात काच पुसली जाईना, नुसतं पाणी इकडून तिकडे. दुसऱ्या पावसात तेच. दुकानदाराशी जाऊन तावातावाने भांडलो. तो बिचारा बाहेर आला, वायपर उचलला आणि रबरावरून एक लांबच लांब पिवळी प्लॅस्टिकची पट्टी सुर्रकन ओढून माझ्या हातात दिली. रबराची कड दुमडू नये म्हणून ती घातलेली असते, लावल्यावर काढायची असते. ती पट्टी अजून कपाटात आहे. डोक्यात हवा गेली की बघतो.

मधली सुट्टी

बापरे गारवा 😄 मी तर उद्या सकाळी आमचीच तपासते.

अर्धवट माळी

बल्बवाला मी. हेडलाइटचा एच४. तीन पायांचा, ६०/५५ वॉट. अप्परची (लांबचा उजेड) तार वेगळी, डिपरची (जवळचा) वेगळी, काच एकच. डिपर गेला होता, अप्पर चालू. म्हणजे नेमका रोज लागणारा गेला.

अंधार पडल्यावर काम काढलं ही पहिली चूक. बोनेट उघडलं, मागचा प्लग ओढून काढला, रबरी टोपी काढली. आत तारेची एक वाकडी क्लिप बल्बला दाबून धरते. ती दिसत नाही. म्हणजे बोट पोचतं तिथे डोळा पोचत नाही, आणि डोळा घातला की बोटाला जागा उरत नाही. मोबाइल दातात धरला. क्लिप सुटली, चांगली सुटली, इतकी की कुठे गेली कळेना. टण्‌ असा आवाज आला, जमिनीवर काही पडलं नाही. त्याअर्थी इंजिनाच्या पोटात कुठेतरी. अर्धा तास लोहचुंबक दोरीला बांधून विहिरीत बादली शोधतात तसा शोधत होतो. मिळाली.

मग नवा बल्ब. त्याच्या चकतीला तीन कान असतात, त्यातला वरचा जरा रुंद. खाचेत बरोबर बसला तरच सरळ राहतो. माझा बसला नव्हता, क्लिपच्या जोरावर कसाबसा अडकवला होता. गाडी बाहेर काढली तर रस्ता काळाकुट्ट आणि झाडांचे शेंडे लख्ख. पुढचे दोन दिवस मी घुबडांना वाट दाखवत फिरलो.

खिडकीतले काका

माळीबुवा, बल्बच्या काचेला बोट लावलं होतं का?

अर्धवट माळी

काका, बोट? दातात मोबाइल, घामाने भिजलेली पाची बोटं लावली.

खिडकीतले काका

मग तो फार टिकला नसणार. हॅलोजनची काच क्वार्ट्‌झची असते आणि आकाराने इवलीशी. पेटल्यावर भयंकर तापते, त्याशिवाय आतलं चक्र चालतच नाही. तारेवरून उडालेलं टंगस्टन आतल्या हॅलोजन वायूशी संयोग पावतं आणि फिरून तारेवर येऊन बसतं. म्हणून साध्या बल्बसारखी ही काच काळी पडत नाही. बोटांचं तेल लागलं की तेवढाच डाग जास्त तापतो, काच तिथे कमकुवत होते. मी स्वच्छ रुमालात धरतो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू देतो, मगच बसवतो.

आणि एक गेला की दुसऱ्या बाजूचाही बदलावा, असं माझं मत. दोघे एकाच वयाचे असतात. शिवाय एक नवा एक जुना ठेवला तर गाडी एक डोळा बारीक करून बघतेय असं दिसतं.

अर्धवट माळी

दीड महिना टिकला काका. काचेला फुगा आला होता. आता कळलं.

मधली सुट्टी

आमच्या गाडीत हेडलाइटच्या मागे बॅटरी. मध्ये माझा हात काही जात नाही, नवऱ्याचा तर पंजाच केवढा. लेकीचा जातो. नऊ वर्षांची आहे. तिला एकदा क्लिप कशी ते बाहेर दाखवलं, दुसऱ्या बाजूने आरशात दाखवलं, आणि तिने नुसत्या बोटांनी लावून दिली. डोळे मिटून! बघून जमत नाही म्हणाली. फी म्हणून आठवडाभर गाडीत तिच्या पसंतीची गाणी. त्यापेक्षा अंधारात गाडी चालवलेली बरी होती.

पाना-पक्कड

त्या वयाची मुलं भाड्याने मिळतात का?

मधली सुट्टी

माझी आजच घेऊन जा, सुट्ट्या चालू आहेत.

रिकामटेकडी

अवांतर पण सांगतेच. वायपरचं पेटंट एका बाईच्या नावावर आहे, मेरी अँडरसन. १९०२च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला ट्राममधून जाताना तिने पाहिलं, समोरची काच हिमाने भरली की चालकाला दिसेना. घरी परतल्यावर आतून दांडी ओढून फिरवायचं रबरी पातं तयार केलं आणि १९०३मध्ये पेटंट मिळवलं. एका कंपनीला विकायला गेली तर ह्यात पैसा नाही म्हणून कळवलं. १९२०मध्ये पेटंटची मुदत संपली. पुढे वायपर सगळ्या गाड्यांना आले आणि बाईंच्या हाती दमडी लागली नाही.

खिडकीतले काका

दुसरा रॉबर्ट कर्न्स. थांबून थांबून फिरणारा वायपर त्याचा. पापणी सतत फिरत नाही, अधूनमधून लवते, यावरून त्याला सुचलं. १९६४मध्ये अर्ज केला. नंतर फोर्ड आणि क्रायस्लर या दोघांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडला आणि जिंकला. पुष्कळसे खटले स्वतःच लढवले.

गारवा

आणि मी पिवळ्या पट्टीवरून भांडलो. पातळी बघा.

टिंब

😄😄 रिकामटेकडी, हे ठाऊक नव्हतं. दादांना वाचून दाखवते.

उगाच

मित्राने फार मनावर घेऊन १००/९० वॉटचे बल्ब टाकले. उजेड काय पडायचा! दिवसच जणू. पण मूळ वायरिंग ६०/५५चं. साठ वॉटला बारा व्होल्टवर पाच अँपिअर लागतात, शंभरला आठच्या वर. जादा करंट झेलायला रिले-बिले काही बसवला नव्हता. एके रात्री जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. आम्ही पुढच्या ट्रकला शिव्या घालत होतो. थांबून बोनेट उघडलं तर बल्बचा प्लग वितळून बल्बला चिकटलेला, खेचला तर च्युइंगमसारखी तार निघाली. ट्रक केव्हाच पुढे गेला होता, त्याची माफी मागायची राहिली. समोरून येणाऱ्यांचे डोळे किती जणांचे दिपवले त्याचा तर हिशेबच नाही.

रिकामटेकडी

हे समोरच्याच्या डोळ्यात मारणारे लोक... जाऊ दे. बीपी वाढतं. भांडी घासायला जाते.

साडेतीन

माझा डावा इंडिकेटर एकदम घाईत टिकटिकायला लागला. टिक्‌टिक्‌टिक्‌टिक्‌. मला वाटलं गाडीला कळलं मला उशीर झालाय. दोन आठवडे तसाच चालवला. शेवटी भावाने मागे जाऊन पाहिलं, मागचा बल्ब गेलेला. एक बल्ब कमी झाला की भार कमी होतो आणि दिवा लुकलुकवणारा फ्लॅशर जलद चालतो, ती खूणच आहे म्हणे. मग शहाणपणा करून एलईडी टाकले. पुन्हा तीच घाई! एलईडीला वीज इतकी कमी लागते की गाडी समजते बल्ब गेलाय. परत साधे २१ वॉटचे लावले, गप्प.

उगाच

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणणारी गाडी कुणी पाहिलीय का? माझी होती. सगळे बल्ब बदलून झाले. शेवटी होल्डरचं अर्थिंग गंजलेलं निघालं. पॉलिश पेपरने दोन मिनिटं घासलं, संपलं. बल्ब तीन-तीन वेळा बदलले त्याचं काय करू?

पाना-पक्कड

जपून ठेवा. आयुष्यात बल्ब जातातच.

खिडकीतले काका

सगळ्यांना एकच विनंती. ब्रेकलाइट बघा. आपला हेडलाइट गेला तर आपल्याला कळतं, ब्रेकलाइट गेला तर फक्त मागच्याला कळतं, आणि तो सांगायला येईलच असं नाही. मला एका अनोळखी मुलाने सिग्नलला खिडकीवर टकटक करून सांगितलं. मी आधी काच खाली करायलाच तयार नव्हतो. एकटे असाल तर संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करा, ब्रेक दाबा, आरशात बघा. भिंतीवर दोन्हीकडे सारखा लाल उजेड पडला पाहिजे.

मधली सुट्टी

वायपरचं रबर नुसतं ओल्या फडक्याने पुसलं तरी फरक पडतो हो. फडकं काळंकुट्ट निघतं. किरकिर बंद झाली माझी. (वायपरची.)

साडेतीन

मला मेलं काही केल्या किरकिर थांबेना. रबर बदललं तरी जाताना गप्प आणि येताना थडथडथड. शेवटी कळलं, दांडाच किंचित पिळलेला. गाडी धुताना कुणी तरी ओढला असणार. रबर काचेला काटकोनात टेकलं तरच दोन्हीकडे नीट कलंडतं.

नुसतीच वाचक

काका, आत्ता खाली जाऊन आले. ब्रेक दाबला की भिंतीवर डावीकडे लख्ख लाल, उजवीकडे काहीच फरक नाही. किती दिवस असं चाललंय देव जाणे. आणि मी परवाच मागच्या माणसाला ओरडले होते की अंगावर काय येतोस. आता काढू कसा? मी कधीच केलेलं नाही.

पाना-पक्कड

दिवे बंद करा, थोडा गार होऊ द्या. डिकी उघडा. दिव्याच्या मागे आतून एखादं झाकण असेल, नसेल तर दोन स्क्रू. होल्डर घड्याळाच्या उलट फिरवा, बाहेर येईल. मग बल्ब आत दाबायचा आणि दाबूनच फिरवायचा. नुसता ओढू नका.

नुसतीच वाचक

निघाला!!! काच आतून काळपट झालीय. कानाशी हलवला तर बारीक छुन्न वाजतं.

टिंब

तीच तुटलेली तार. टाकू नका, दुकानात हाच नमुना न्या. २१/५ वॉट लिहिलेलं असेल बुडावर.

नुसतीच वाचक

हो, आहे. पण मग टेललाइट कसा लागत होता उजवीकडचा? तो तर दिसत होता भिंतीवर, मिणमिणता.

खिडकीतले काका

त्यातही दोन तारा असतात. ५ची टेललाइटची, २१ची ब्रेकची. मोठी गेली. नवा लावताना बघा, बाजूच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात, म्हणून एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर जोर नको, अर्धा फेरा फिरवून पाहा.

नुसतीच वाचक

बरं. उद्या आणते. आज गाडी घेऊन जाणारच नाही.

गारवा

आणि नव्या बल्बच्या खोक्यात काही पिवळं असलं तर मला कळवा.