मदत हवी आहे: ड्रीमकास्टला फेल म्हणायचं का?
मित्रांनो, सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलवर लेख लिहितोय आणि जिथे बघावं तिथे त्याला सरळ 'फ्लॉप' म्हणतात, ते मला पटतच नाही. १९९८ ला जपानमध्ये आला, २००१ ला बंद झाला, विक्री साधारण ९० लाख, हे मान्य. पण त्या काळात इंटरनेटसाठी मॉडेम आतच बसवलेला, फँटसी स्टार ऑनलाइन या गेममध्ये तर दुसऱ्या देशातल्या लोकांसोबत खेळता यायचं, आणि सोलकॅलिबर हा फायटिंग गेम आजही काय देखणा दिसतो! माझ्या मते मशीन नाही हरलं, कंपनी हरली, सेगाच्याच आधीच्या सॅटर्न कन्सोल आणि ३२एक्स या जोडउपकरणामुळे गिऱ्हाइकाचा विश्वास आधीच उडालेला, त्यात सोनीचा पीएस२ (प्लेस्टेशन २) डीव्हीडी प्लेअर घेऊन आला. तुम्ही काय धराल, विक्री की काम? आणि तेव्हा कुणी यावर ऑनलाइन खेळलं असेल तर कसं चालायचं ते प्लीज सविस्तर सांगा.