कयाकवरच्या बॅटरीच्या डब्यात पाणी नक्की कुठून येतं?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. माझी बारा फुटी सिट ऑन टॉप कयाक आहे, कर्ली खाडीत तारकर्लीपासून देवबागच्या संगमापर्यंत गळ टाकत फिरतो, मुख्य म्हणजे तांबोशीसाठी. फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं मशीन) बसवलाय आणि त्याला १२ व्होल्ट ७ एएचची यूपीएसमधली लेडची बॅटरी जोडलीय. बॅटरी क्लिपवाल्या, झाकणाला रबर असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात असते आणि डबा सीटच्या मागे उघड्यावर बांधलेला असतो. घरी बादलीत दाबून धरला तेव्हा एक बुडबुडा आला नाही. तरीपण खाडीतून आल्यावर उघडला की तळाला चमचाभर पाणी आणि प्लसच्या टर्मिनलवर हिरवट पूड. दोन वायरी जिथून बाहेर येतात तिथे सिलिकॉन भरलंय. मित्र म्हणतात की हा आतल्या हवेचा घाम आहे, सिलिका जेल टाक. मला पटत नाही कारण पाणी बरंच असतं. लिथियम घ्यावी का, आणि मोबाइल कुठे ठेवता तेही सांगा.

मिरकरवाडा_वायरमन:
भाऊ, आधी ते पाणी बोटाला लावून जिभेवर ठेव. खारट लागलं तर ते खाडीचं, अळणी लागलं तर घाम. बॅटरीचं आम्ल सांडलेलं नाही एवढं बघ मात्र, बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर चाखायच्या फंदात पडू नको, ते पाणी स्टीलच्या चमच्यात वाळव, पांढरा थर राहिला तर मीठ.

दुसरं, त्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता का? येत असेल तर खरवडून काढ सगळं. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. बिनवासाचं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मिळतं ते घ्यायचं. खरं तर वायरीच्या भोकाला सिलिकॉन लावूच नये, वायर हलली की कडेने सुटतं आणि सुटलेलं डोळ्याला दिसत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात केबल ग्लँड मिळते, म्हणजे भोकात बसवून केबलभोवती रबर आवळणारी जोडणी, पीजी ७ साइजची घे, ३ ते साडेसहा मिमी जाडीच्या गोल केबलला घट्ट बसते. दोन सुट्या वायरी एका ग्लँडमध्ये कोंबू नको, मधल्या फटीतून पाणी येणारच, दोन कोरची, म्हणजे एकाच आवरणात दोन वायरी असलेली गोल केबल वापर.

हिरवी पूड प्लसलाच का येते तर करंट चालू असताना खारं पाणी लागलं की प्लसकडचा धातू झिजत जातो. म्हणून प्लसच्या वायरवर बॅटरीजवळच स्विच आणि फ्यूज टाक, फिश फाइंडरला किती अँपियरचा ते त्याच्या पुस्तकात असतं, लहान मशीनला बहुतेक ३ चा लागतो. परत आलास की बॅटरीची वायर काढायचीच, स्विच बंद केलाय म्हणून सोडायचं नाही. वायर टिन्ड घे, म्हणजे तांब्याच्या तारांना कल्हई असलेली. साधी वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडत जाते, वरचं प्लास्टिक छान दिसतं आणि मग मशीन मधेच बंद पडतं, लोक बॅटरीला दोष देतात. आम्ही ट्रॉलरवर वायर कापली आणि आत काळी दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जातो.

उंबरठा२:
वायरमनदादांनी वायरिंगचं सांगितलंच, मी पाणी आत का जातं ते सांगतो, मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो.

डबा उन्हात तापून आतली हवा समजा ४५ डिग्री झाली आणि थोडी हवा कुठल्यातरी बारीक फटीतून बाहेर गेली. आता वरून लाट आली, डबा २८ डिग्रीच्या पाण्यात भिजून गार झाला. आतल्या हवेचा दाब ५ टक्क्यांच्या आसपास पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हा फरक अर्धा मीटर पाण्याच्या दाबाएवढा आहे, म्हणजे डबा तरंगत असला तरी त्या फटीवर अर्धा मीटर खोल असल्याइतका जोर येतो आणि तिच्यावर पाणी असेल तर ते आत ओढलं जातं. तुमची बादलीतली टेस्ट गार डब्याची आणि वीतभर खोलीची होती, म्हणून पास झाली. खरी टेस्ट अशी करा: रिकामा डबा टिश्यू पेपर घालून बंद करा, कडक उन्हात तासभर ठेवा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. टिश्यू कुठे ओला झाला त्यावरून फट सापडेल.

घामाचं गणितही बघा. ३० डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. तुमचा डबा ८ लिटरचा धरला तर सगळ्या वाफेचं पाणी झालं तरी चार-पाच थेंब. चमचाभर होत नाही. मित्रांचं म्हणणं इथे लागू पडत नाही.

सिलिका जेल त्या चार-पाच थेंबांसाठी आहे, गळतीसाठी नाही. जरूर टाका, पण नारिंगी रंगाचे दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला वाळवून घ्या, नाहीतर ते नुसते पडून असतात.

मांडवीचा_गळ:
मोबाइल डब्यात अजिबात नको. कयाक उलटली आणि वाहून गेली तर मोबाइल तिच्याबरोबर जाणार, तुम्ही पाण्यात! लाइफ जॅकेटच्या खिशात, पाऊचमध्ये, दोरीने जॅकेटला बांधून. आणि १५५४ हा कोस्ट गार्डचा मदतीचा नंबर सेव्ह करा. फोनवर आयपी ६७ (पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती टेस्ट गोड्या पाण्यात एक मीटरवर अर्ध्या तासाची असते, समुद्राच्या पाण्याचा त्यात विचार नाही. चार्जिंग पोर्ट ओला असताना चार्जर लावायचा नाही.

खाडीकाठचा:
खारट आहे! आणि सिलिकॉनला तो आंबट वास येत होता. उन्हातली टेस्टही केली, टिश्यू वायरीच्या भोकाखालीच भिजलाय, झाकणाकडे कोरडा ठणठणीत. ग्लँड आणली, पण ट्रान्सड्यूसरच्या (फिश फाइंडरचा पाण्यातला सेन्सर) केबलला टोकाला जाड कनेक्टर आहे तो भोकातून जात नाही आणि केबल कापायला मन होत नाही. लिथियमचं राहिलं.

मिरकरवाडा_वायरमन:
ती केबल कापू नकोच. ट्रान्सड्यूसरची वायर डब्यात नेतोस कशाला, ती थेट स्क्रीनला जाते, डब्यात फक्त बॅटरी हवी. म्हणजे एकच केबल, एकच ग्लँड, दुसरं भोक नीट बुजवून टाक. ग्लँड डब्याच्या बाजूला वरच्या अंगाला घे, झाकणावर नको, आणि केबलला बाहेर खाली लोंबेल असा वळसा ठेव, केबलवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून जातं. डबा हॅचखाली (कयाकच्या पोटातल्या झाकणाच्या कप्प्यात) सावलीत जात असेल तर तिथे घाल, सर म्हणतात ते तापणंच कमी होईल.

लिथियम घे, पण लिथियम आयर्न फॉस्फेटची, बीएमएस (जादा चार्ज-डिस्चार्जपासून बॅटरी वाचवणारं सर्किट) असलेली. ७ एएचची एक किलोच्या आसपास भरते, तुझी लेडची दोनच्या वर. लेड आहे तोवर चार्जिंग डब्याबाहेर आणि मोकळ्या हवेत, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, बंद डब्यात साठला तर ठिणगीला पेटतो. लिथियमवाली पण खाऱ्या पाण्यात बुडाली तर सुकवून परत चार्जिंगला लावायची नाही. घराबाहेर मोकळ्यावर नेऊन ठेव, जळणारं काही जवळ नको, आणि दुकानदाराला विचारून स्क्रॅपला दे. अडीच-तीन हजार गेले असं वाटेल, जाऊदेत.

कनेक्टर दर वेळी गोड्या पाण्याने धू, पूर्ण सुकू दे, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल रोखणारं ग्रीस) लाव. ओल्यावर ग्रीस लावलंस तर मीठ आतच अडकेल.